व्यायाम करणाऱ्याला साथ लागत नाही?
जोसेफ पिलाटीज यांची दोन पुस्तके आणि एक शंभर वर्षांची गोष्ट

ऑक्टोबर २०२१ मध्ये शाळा पुन्हा उघडल्या तेव्हा आमच्या परिचयातले एक पी.टी.चे सर दीड वर्षाने मैदानावर उभे राहिले. त्या वर्षीच्या एप्रिलमध्ये त्यांना कोविड झाला होता. सर पन्नाशीचे, निर्व्यसनी, रोज पहाटे तासभर व्यायाम करणारे. ताप आला तेव्हा पहिले पाच-सहा दिवस त्यांनी तो अंगावरच काढला. आपले शरीर कमावलेले आहे, आपल्याला काय होणार, असे त्यांना मनापासून वाटत होते. शेवटी दवाखान्यात नेऊन प्राणवायू लावावा लागला. सर त्यातून बरे झाले. पण शाळेच्या पहिल्याच दिवशी सातवीतल्या एका मुलीने विचारले, "सर, तुम्ही तर रोज व्यायाम करता, मग तुम्हाला कसा झाला?"

सर आम्हाला म्हणाले, "आजारापेक्षा तो प्रश्न जास्त लागला. जणू काही माझंच कुठेतरी चुकलं होतं."

मुलीचे काहीच चुकले नव्हते. जो व्यायाम करतो त्याला रोग होत नाही, हे तिने पाठ्यपुस्तकात, भिंतीवरच्या सुविचारात आणि बहुधा त्याच सरांच्या तोंडून ऐकले होते. तिचा प्रश्न शास्त्रीय होता. मिळालेल्या नियमाशी न जुळणारे एक उदाहरण तिच्यासमोर उभे होते आणि तिने ते बोलून दाखवले. अशा प्रश्नाला शिक्षकांनी काय उत्तर द्यावे, हे शोधण्यासाठी आम्ही एक गोष्ट आणि दोन पुस्तके तपासायला घेतली. ही गोष्ट २०२० च्या टाळेबंदीत जगभर पुन्हा पुन्हा सांगितली गेली. व्यायामशाळांना कुलुपे लागली होती, माणसे खोलीत सतरंजी अंथरून पडद्यासमोर व्यायाम करत होती, आणि त्या व्यायामांत 'पिलाटीज' हे नाव बरेच पुढे होते.

गोष्ट अशी आहे. जोसेफ पिलाटीज यांचा जन्म १८८३ साली जर्मनीतील म्योन्शनग्लाडबाख या गावी झाला. त्यांच्याच सांगण्याप्रमाणे लहानपणी ते दमा, मुडदूस अशा आजारांनी पिचलेले होते. पुढे व्यायाम, कुस्ती, मुष्टियुद्ध यांनी त्यांनी शरीर कमावले. १९१४ साली पहिले महायुद्ध सुरू झाले तेव्हा ते इंग्लंडमध्ये होते. शत्रुराष्ट्राचे नागरिक म्हणून त्यांना स्थानबद्ध करण्यात आले आणि आयरिश समुद्रातील आइल ऑफ मॅन या बेटावरच्या नॉकालो छावणीत ठेवण्यात आले. तिथे ते आपल्याबरोबरच्या बंद्यांना व्यायाम शिकवू लागले. १९१८ साली इन्फ्लुएंझाची भयंकर साथ आली, आणि पिलाटीज यांचे व्यायाम करणाऱ्यांपैकी एकही जण तिने दगावला नाही!

शेवटचे उद्गारचिन्ह गोष्टीतच असते. ते काढून टाकले तर काय उरते, ते पुढे पाहू. आधी पुस्तकांकडे वळू.

१९२६ साली पिलाटीज न्यूयॉर्कला गेले आणि पत्नी क्लारा यांच्यासह त्यांनी तिथे व्यायामवर्ग थाटला. नृत्याच्या क्षेत्रातली मंडळी त्यांच्याकडे येऊ लागली. त्यांनी १९३४ साली 'युवर हेल्थ' हे छोटेखानी पुस्तक लिहिले आणि १९४५ साली विल्यम जॉन मिलर यांच्या साहाय्याने 'रिटर्न टू लाइफ थ्रू कंट्रॉलॉजी' हे दुसरे. आपल्या पद्धतीला ते स्वतः 'कंट्रॉलॉजी', म्हणजे नियंत्रणाचे शास्त्र, म्हणत. त्यांचे आडनाव पद्धतीला नंतर कायमचे चिकटले.

दुसऱ्या पुस्तकात ३४ व्यायाम छायाचित्रांसह दिले आहेत. व्यायामशिक्षकाच्या नजरेने पाहिले तर हा भाग आजही वाचनीय आहे. उपकरण लागत नाही, सतरंजी अंथरण्याइतकी जागा पुरते. पहिलाच व्यायाम घ्या. उताणे झोपून डोके आणि पाय किंचित उचलायचे, हात शरीरालगत ताठ ठेवून वर-खाली हलवायचे, पाच हालचालींत श्वास घ्यायचा, पाच हालचालींत सोडायचा, आणि असे करत शंभरापर्यंत पोहोचायचे. वर्गात प्रात्यक्षिक करून पाहा. दिसायला सोपा, पण निम्म्यावर पोहोचण्याआधीच पोटाचे स्नायू थरथरू लागतात. एखादी हालचाल पन्नास वेळा धसमुसळेपणाने करण्यापेक्षा पाच वेळा लक्षपूर्वक करावी, आणि धडाचे स्नायू बळकट असले की हातापायांच्या हालचाली नीट होतात, हा त्यांचा आग्रह होता. नुसत्या दंडबेटकुळ्या फुगवण्याच्या त्या काळात ही दृष्टी वेगळी होती. तिचे श्रेय त्यांना दिलेच पाहिजे.

तक्रार आहे ती या व्यायामांना जोडलेल्या शरीरविज्ञानाविषयी. त्यातली दोन उदाहरणे शिक्षकांच्या उपयोगाची आहेत.

पहिले श्वसनाचे. ओला कपडा पिळून आपण त्यातले पाणी काढतो, तशी फुप्फुसे पिळून त्यांतली सगळी अशुद्ध हवा बाहेर काढावी, असे पिलाटीज सांगतात. जो आळशीपणाने श्वास घेतो त्याच्या फुप्फुसांत जंतूंचे जणू आगर तयार होते, अशीही त्यांची कल्पना आहे. उपमा चांगली आहे, विज्ञान चुकीचे. निरोगी प्रौढ पुरुषाने पूर्ण श्वास घेतला तर त्याच्या फुप्फुसांत सुमारे ६ लिटर हवा मावते. त्याने सगळी ताकद लावून उच्छ्वास केला तरी सुमारे १.२ लिटर हवा आत राहतेच. छातीचा पिंजरा एका मर्यादेपलीकडे दबत नाही आणि बारीक श्वासनलिका त्याआधीच मिटतात. ही शिल्लक हवा अपायकारक नाही. तिच्यामुळे वायुकोश पूर्णपणे मिटत नाहीत आणि दोन श्वासांच्या मधल्या काळातही रक्ताला प्राणवायू मिळत राहतो.

राहिला जंतूंचा प्रश्न. श्वासमार्गाची झाडलोट श्लेष्मा आणि सूक्ष्म केसांसारखे पक्ष्माभ करतात, तर वायुकोशांतल्या भक्षक पेशी आत आलेले कण आणि जंतू गिळून टाकतात. इन्फ्लुएंझाचा विषाणू फुप्फुसातल्या हवेत तरंगत पडून राहत नाही. तो पेशींच्या आत शिरून वाढतो. कितीही जोराने फुंकले तरी पेशीत शिरलेला विषाणू बाहेर येणार नाही. १९१८ साली हे कोणालाच ठाऊक नव्हते, त्याबद्दल पिलाटीज यांना दोष देता येत नाही. परंतु माणसाच्या इन्फ्लुएंझाचा विषाणू १९३३ साली लंडनमध्ये वेगळा करण्यात आला होता, आणि त्यांचे दुसरे पुस्तक त्यानंतर बारा वर्षांनी निघाले.

यावर वर्गात एक सोपा प्रयोग करता येईल. पाच लिटरच्या पारदर्शक डब्यावर अर्ध्या-अर्ध्या लिटरच्या खुणा करा. डबा पाण्याने काठोकाठ भरून पाण्याच्या बादलीत उलटा धरा. रबरी नळीचे एक टोक डब्याच्या तोंडात सरकवा आणि दुसऱ्या टोकातून विद्यार्थ्याला पूर्ण श्वास घेऊन एका दमात हवा सोडायला सांगा. डब्यातले पाणी जितके खाली उतरेल तितकी हवा बाहेर आली. (तोंडात धरायचा तुकडा प्रत्येकाचा वेगळा हवा. साथीने शिकवलेला हा धडा विसरू नये.) मग विचारा, "आता फुप्फुसे रिकामी झाली का?" बहुतेक मुले 'हो' म्हणतील. डब्यात आलेली हवा दिसते. आत राहिलेली दिसत नाही, म्हणून ती नाही असे वाटते. ही चूक लक्षात ठेवा, ती पुन्हा भेटणार आहे.

दुसरे उदाहरण पाठीच्या कण्याचे. तान्ह्या मुलाचा सरळ कणा हाच आदर्श मानून मोठ्यांचाही कणा तसाच सपाट असावा, असे पिलाटीज यांचे मत होते. वास्तविक मूल मान धरू लागते, बसू-चालू लागते तसतसे कण्याला मानेशी आणि कमरेशी बाक येत जातात. दोन पायांवर उभे राहणाऱ्या प्राण्याला ते उपयोगी आहेत. आजचे बहुतेक पिलाटीज-प्रशिक्षक कण्याचे नैसर्गिक बाक राखायलाच सांगतात, म्हणजे पंथाने संस्थापकाची चूक मुकाट्याने दुरुस्त केली आहे. हे चांगलेच झाले. मात्र पाठ गोल करून लोळण्याचे काही मूळ व्यायाम अजूनही शिकवले जातात. हाडे ठिसूळ झालेल्या वयस्क व्यक्तींनी ते डॉक्टरांना विचारल्यावाचून करू नयेत.

आता छावणीच्या गोष्टीकडे येऊ. गोष्ट ऐकल्यावर कोणत्याही गणिताच्या शिक्षकाच्या मनात पहिला प्रश्न यायला हवा, "एकही दगावला नाही, पण कितींपैकी?" आणि नेमका तोच आकडा गोष्टीत नाही. नॉकालो ही लहान छावणी नव्हती. तिथे सुमारे २३,००० माणसे काटेरी तारांनी वेगळ्या केलेल्या आवारांत विभागून ठेवलेली होती. त्यांतले किती जण पिलाटीज यांचे विद्यार्थी होते? वीस? दोनशे? दोन हजार? गोष्टीची रूपेही वेगवेगळी आहेत. कोणी म्हणते व्यायाम करणारे दगावले नाहीत, कोणी म्हणते त्यांना आजारच झाला नाही, आणि कोणी सगळी छावणीच वाचवून टाकते.

थोडे गणित करू. १९१८च्या साथीत जगातल्या साधारण एकतृतीयांश लोकांना लागण झाली आणि लागण झालेल्यांपैकी अडीच टक्के किंवा त्याहून काही अधिक दगावले, असा अभ्यासकांचा अंदाज आहे. हेच प्रमाण १०० माणसांच्या गटाला लावले तर लागण होईल सुमारे ३३ जणांना आणि मृत्यू अपेक्षित आहेत ०.८, म्हणजे एकाहूनही कमी! संभाव्यतेच्या नियमाने पाहिले तर १०० जणांच्या अशा पाच गटांपैकी साधारण दोन गटांत, कोणी काहीही व्यायाम केला नाही तरी, एकही मृत्यू होणार नाही. मात्र गट १,००० जणांचा असेल तर आठ मृत्यू अपेक्षित आहेत, आणि तिथे शून्य आले तर खरोखर नवल करावे लागेल. म्हणजे नवल करायचे की नाही, हे त्या न सांगितलेल्या आकड्यावर अवलंबून आहे. डब्यात न आलेली हवा ती हीच.

दुसरा प्रश्न तुलनेचा. व्यायाम न करणाऱ्या बंद्यांपैकी किती दगावले? तेही गोष्टीत नाही. आणि असते तरी तुलना सरळ झाली नसती. रोज उठून व्यायामाला कोण जातो? ज्याला खोकला नाही, ज्याचे पाय सुजलेले नाहीत, ज्याचे मन खचलेले नाही, तो. आजारी माणूस वर्गाला येतच नाही, म्हणून वर्गात निरोगी माणसे दिसतात. व्यायामाने ती निरोगी झाली, की निरोगी होती म्हणून व्यायामाला आली, हे नुसते पाहून सांगता येत नाही.

तिसरी गोष्ट याहून महत्त्वाची. बहुतेक इन्फ्लुएंझात लहान मुले आणि वृद्ध जास्त दगावतात. १९१८ च्या साथीचे भयानक वैशिष्ट्य असे होते, की तिने २० ते ४० वयाच्या धडधाकट माणसांना मोठ्या संख्येने नेले. त्यात सैनिक होते, म्हणजे रोज कवायत करणारे तरुण. असे का झाले याविषयी अभ्यासकांत आजही मतभेद आहेत. पण 'कमावलेले शरीर म्हणजे साथीपासून अभय' हा नियम तपासायला यापेक्षा कठोर परीक्षा मिळणार नाही, आणि त्या परीक्षेत तो नियम उतरला नाही.

मग कोण वाचले आणि कोण दगावले, हे कशाने ठरत होते? छावणीच्या गोष्टीत मोजदाद नाही. पण त्याच साथीत जिथे मोजदाद झाली असे एक शहर आपल्या जवळचे आहे. मुंबईत ही साथ जून १९१८ मध्ये आली आणि सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये दुसऱ्या लाटेने कहर केला. ६ ऑक्टोबर या एका दिवशी शहरात ७६८ मृत्यूंची नोंद झाली. त्या साथीतील मुंबईचे मृत्यूचे आकडे समाजांनुसार उपलब्ध आहेत. दर हजारी युरोपीयांत ८.३, पारशांत ९, सवर्ण हिंदूंत १८.९, मुसलमानांत १९.२, आणि त्या वेळी ज्यांना खालच्या जाती म्हटले जाई त्यांच्यात ६१.६.

हे आकडे वर्गात फळ्यावर लिहावेत आणि थोडा वेळ तसेच राहू द्यावेत. शेवटच्या गटात कोण होते? ओझी वाहणारे, झाडलोट करणारे, दिवसभर अंगमेहनत करणारे. शारीरिक हालचाल हीच ढाल असती, तर सगळ्यांत सुरक्षित तेच असायला हवे होते. त्यांच्याकडे नव्हती ती हवेशीर खोली, पुरेसे अन्न, आजारपणात पडून राहण्याची सवड आणि शुश्रूषा करणारे माणूस. एका खोलीत आठ-दहा जण झोपत असतील, तर त्यांना श्वास पूर्ण सोडायला शिकवून साथ थांबत नाही.

'व्यायाम करणाऱ्याला रोग होत नाही' या वाक्याला आमचा आक्षेप आहे तो इथे. हे वाक्य नुसते चुकीचे असते तर सोडून दिले असते. पण ते ज्याला रोग झाला त्याच्यावर दोष ठेवते. ज्यांनी काटेकोरपणे व्यायाम केला त्यांना ते गाफील करते, आमच्या परिचयातल्या सरांना केले तसे. आणि घरे, पाणी, हवा, दवाखाने यांची जबाबदारी ज्यांची आहे त्यांना ते मोकळे सोडते.

याचा अर्थ साथीत व्यायाम निरुपयोगी, असा कोणी काढू नये. तो या चुकीचाच दुसरा टोकाचा भाग होईल. निष्क्रियता किती महाग पडते याचा एक प्रसिद्ध अभ्यास १९६६ साली अमेरिकेत डॅलस येथे झाला. विशीतल्या पाच निरोगी तरुणांना तीन आठवडे अंथरुणावर पडून राहायला सांगितले. तेवढ्या काळात त्यांच्या शरीराची प्राणवायू वापरण्याची कमाल क्षमता सुमारे एकचतुर्थांशाने घटली. तीस वर्षांनी त्याच पाच जणांना पुन्हा तपासले तेव्हा आढळले, की त्या तीन आठवड्यांनी त्यांच्या कार्यक्षमतेचे जितके नुकसान केले होते तितके मधल्या तीस वर्षांनी केले नव्हते. पाच ही संख्या लहान आहे, हे आम्ही विसरत नाही. तरीही, घरात महिनोन्महिने कोंडलेल्या माणसाने हातपाय का हलवावेत, याचे उत्तर यात आहे. अशा माणसाच्या बाबतीत खोलीतल्या सतरंजीवरच्या पिलाटीजने खरोखर उपकार केले.

कोविडविषयीचा पुरावाही आहे, पण तो नीट वाचायला हवा. अमेरिकेत दक्षिण कॅलिफोर्नियातील ४८,४४० प्रौढ कोविड रुग्णांचा अभ्यास २०२१ साली प्रसिद्ध झाला. आजाराआधी आठवड्याला १५० मिनिटे किंवा अधिक व्यायाम सातत्याने करणाऱ्यांच्या तुलनेत, जवळजवळ काहीच न करणाऱ्यांना रुग्णालयात दाखल व्हावे लागण्याची शक्यता सव्वादोन पट आणि मृत्यूची शक्यता अडीच पट आढळली. आकडे प्रभावी आहेत. परंतु यातले सगळेच रुग्ण होते. व्यायामाने लागण टळते का, हा प्रश्न या अभ्यासाने विचारलेलाच नाही. नियमित व्यायाम करणाऱ्यांपैकीही काही जण रुग्णालयात गेले. शिवाय व्यायामाची मिनिटे रुग्णांनी स्वतः सांगितलेली होती. ज्यांना आधीपासून काही विकार होते ते कमी हालचाल करत असणार, हा मघाचाच प्रश्न इथेही येतो. संशोधकांनी वय आणि ज्ञात विकारांचा हिशेब वजा करण्याचा प्रयत्न केला, पण असा हिशेब पूर्ण वजा होत नसतो. यातून निघणारे प्रामाणिक वाक्य असे: नियमित व्यायाम करणाऱ्याला साथीचा आजार झाला, तर तो गंभीर होण्याचा धोका बहुधा कमी असतो. 'बहुधा' आणि 'कमी' हे दोन्ही शब्द महत्त्वाचे आहेत.

टाळेबंदीच्या काळात 'प्रतिकारशक्ती वाढवा' अशा जाहिरातींचा सुळसुळाट झाला आणि व्यायामवर्गही त्यात मागे राहिले नाहीत. प्रतिकारशक्ती म्हणजे दंडाचा स्नायू नव्हे, की व्यायामाने फुगवावी. ती अनेक प्रकारच्या पेशी आणि रेणू यांची गुंतागुंतीची यंत्रणा आहे, आणि तिचे काम योग्य वेळी सुरू होणे इतकेच योग्य वेळी थांबणेही आहे. जून २०२० मध्ये ब्रिटनमधील एका मोठ्या चाचणीने दाखवून दिले, की डेक्सामेथासोन या स्वस्त औषधाने कृत्रिम श्वसनयंत्रावरच्या कोविड रुग्णांतले मृत्यू सुमारे एकतृतीयांशाने घटतात. हे औषध काय करते? प्रतिकारयंत्रणेचा भडका दाबते! ज्याला 'वाढवा, वाढवा' म्हणून सांगितले जात होते, तेच गंभीर रुग्णात आवरावे लागत होते.

मग पिलाटीज या विशिष्ट पद्धतीची योग्यता किती? कंबरदुखीबाबत तिचा बराच अभ्यास झाला आहे. अशा चाचण्यांचा एकत्रित आढावा कॉक्रन या संस्थेने २०१५ साली प्रसिद्ध केला. त्यातून दिसले, की काहीच विशेष न करण्यापेक्षा पिलाटीज बरे, पुरावा मात्र साधारण दर्जाचा, आणि इतर व्यायामांपेक्षा ते सरस असल्याचे ठामपणे सांगता येत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या शिफारशींनुसार प्रौढांनी आठवड्याला १५० ते ३०० मिनिटे मध्यम श्रमाची हालचाल करावी आणि शिवाय किमान दोन दिवस स्नायू बळकट करणारे व्यायाम करावेत. मुलांना दिवसाला सरासरी ६० मिनिटांची हालचाल हवी. सतरंजीवरचे पिलाटीज यातला दुसरा भाग चांगला भागवते. पहिला भागेलच असे नाही, कारण झोपून सावकाश केलेल्या हालचालींत नाडी फारशी वाढत नाही. त्यासाठी भरभर चालणे, जिने चढणे, दोरीवरच्या उड्या यांची जोड हवी. हे मुलांना स्वतः पडताळता येईल. प्रत्येक व्यायामानंतर लगेच अर्धा मिनिट नाडी मोजायची आणि तक्ता करायचा.

इथे कोणी म्हणेल, परदेशी पद्धतीची चिकित्सा ठीक आहे, आपले सूर्यनमस्कार वेगळे. त्यांनाही हीच फूटपट्टी लावावी लागेल. औंध संस्थानचे अधिपती भवानराव पंतप्रतिनिधी यांनी सूर्यनमस्कारांचा प्रसार केला, आपल्या संस्थानातील शाळांत ते सुरू केले, हे त्यांचे कार्य मोठे आहे. तेही आधी सँडो या युरोपीय मल्लाच्या पद्धतीने व्यायाम करत, म्हणजे पिलाटीज ज्या वातावरणात वाढले त्याचेच वारे इथेही पोहोचले होते. नमस्कारांनी रोग दूर राहतात असे दावे औंधकरांच्या लेखनातही आहेत. वेगाने घातलेल्या नमस्कारांनी नाडी वाढते, अंग लवचीक होते, हे वर्गात मोजून दाखवता येते. साथ लागत नाही, हे दाखवता येत नाही. पुराव्याला मातृभूमी नसते.

पिलाटीज यांची पुस्तके वाचून बाजूला ठेवताना आमचे मत असे झाले. व्यायामाचा भाग घ्यावा, शरीरविज्ञानाचा भाग सोडावा, आणि छावणीची गोष्ट वर्गात अवश्य सांगावी. मात्र ती प्रेरणा देण्यासाठी सांगू नये, 'कितींपैकी?', 'कोणाच्या तुलनेत?', 'हे कोणी मोजले?' असे विचारण्याचा सराव म्हणून सांगावी. तारेच्या कुंपणाआड स्वतःला आणि इतरांना सावरणाऱ्या माणसाचा मोठेपणा या प्रश्नांनी कमी होत नाही.

आणि सातवीतल्या त्या मुलीला काय सांगायचे? आम्ही सरांना सुचवले ते असे. "बाळ, विषाणू हवेतून आला, मी ज्यांच्याबरोबर बंद खोलीत बसलो त्यांच्याकडून आला. व्यायामाने तो दाराशी अडत नाही. त्यासाठी मोकळी हवा, मुखपट्टी, लस आणि आजाऱ्याला घरी राहण्याची सवड लागते. व्यायामामुळे मी लवकर उठून उभा राहिलो असेन, कदाचित. माझी चूक व्यायामात नव्हती. ताप आल्यावर मी वाट पाहत बसलो, ती चूक होती. तुझ्या घरी कोणाला ताप आला तर तू तशी वाट पाहू देऊ नकोस."

सरांनी हे उत्तर वर्गाला दिले आणि त्यानंतर नेहमीप्रमाणे सगळ्यांना मैदानावर धावायला नेले.